‘एक दिवसाआड घे’ म्हणणाऱ्या काकांना

सल्लागार काका,


न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींत कुणी आजारी पडलं, की डॉक्टरांच्या आधी तुमचा फोन हजर. माझ्या धाकट्या भावाच्या गुडघ्यामागे लाल चट्टा उठला आणि पसरत पसरत तळहाताएवढा झाला, तेव्हाही तो आलाच. खसखशीएवढी गोचीड चावलेली त्याला कळलीही नव्हती. डॉक्टरांनी चट्टा बघूनच लाइम रोगाचं निदान केलं, कारण इतक्या लवकर रक्ततपासणीत काही सापडेलच असं नसतं. डॉक्सीसायक्लिन, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १० दिवस. तुम्ही ना भावाला पाहिलंत, ना औषधाची चिठ्ठी वाचलीत. त्याला मळमळतंय एवढं ऐकलंत आणि फर्मान काढलंत, “झेपत नाही ना? मग एक दिवसाआड घे. आणि बरोबर पित्ताची गोळी चघळ.”

दोन्ही सल्ले चुकीचे होते, काका, आणि दोन्ही तुम्ही छातीठोकपणे दिलेत.

पित्ताच्या गोळीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, नाहीतर ॲल्युमिनियम असतं. डॉक्सीसायक्लिन त्यांना पोटातच चिकटतं आणि रक्तात नीट शोषलं जात नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तेच. म्हणजे भावाने मळमळ सोसायची आणि औषध अंगी लागायचंच नाही, अशी व्यवस्था तुम्ही करून दिलीत. आणि एक दिवसाआड? या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण १८ ते २२ तासांत निम्म्यावर येतं. ते टिकावं म्हणून तर रोज दोन वेळा घ्यायचं. अख्खा दिवस गाळला, की जिवाणूंना तेवढी उसंत मिळते.

पहिल्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप भरला. तेव्हा “औषध बाधलं” हेही तुम्हीच ठरवलंत. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या २४ तासांत काही रुग्णांना असा ताप येतो. मरणाऱ्या जिवाणूंमुळे येतो आणि उतरतो. डॉक्टरांना एक फोन केला असतात तर त्यांनीच सांगितलं असतं. पण विचारणं तुमच्या स्वभावात नाही.

मी विचारलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी औषधाला हात लावायच्या आधी भावाची उलटतपासणी घेतली. गोळी कधी घेतोस? कशाबरोबर? पाणी किती पितोस? उत्तरं ऐकून मलाच धसका बसला. सकाळची कॅप्सूल उठल्या उठल्या रिकाम्या पोटी, घोटभर पाण्याबरोबर. रात्रीची अंथरुणात बसून, तीही घोटभर पाण्यावर, आणि लगेच दिवा बंद. अशी कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते, तिथेच विरघळते आणि आतून जखम करते. भावाच्या छातीतही जळजळत होतं, ते यामुळेच.

मग वेळा बदलल्या. सकाळी ८ वाजता पोहे किंवा उपमा खाऊन कॅप्सूल, वर पेलाभर पाणी. रात्री ८ वाजता वरणभातानंतर दुसरी. पुढे निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. जेवणाबरोबर हे औषध थोडं कमी शोषलं जातं, पण पोटात टिकतं, म्हणून डॉक्टर तेवढं चालवून घेतात. दूध, दही आणि कॅल्शियमची गोळी मात्र दोन-तीन तास लांब. उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण या औषधावर कातडी लवकर भाजते. मात्रा तीच, दिवसही तितकेच. मळमळ आटोक्यात आली आणि भावाने कोर्स पुरा केला.

एवढं करूनही झेपलं नसतं, तर डॉक्टरांकडे पर्याय होते. सेफ्युरॉक्झिम होतं, दिवसातून दोनदा, १४ दिवस. ॲमॉक्सिसिलिन होतं, दिवसातून तीनदा, तेही १४ दिवस. ॲमॉक्सिसिलिन तर तासाभरातच रक्तात निम्म्यावर येतं, म्हणून तीन वेळा. तिथे तुमचा दिवसाआडचा हिशोब लावला असता, तर काय उरलं असतं?

“चट्टा गेला ना, मग बास करा गोळ्या,” हेही तुमचंच वाक्य. चट्टा औषधाविनाही जातो, काका. जिवाणू जातोच असं नाही. कोर्स अर्धवट सोडलेल्या माणसाचा काही आठवड्यांनी अर्धा चेहरा लुळा पडू शकतो, हृदयाचे ठोके अडखळू शकतात, काही महिन्यांनी गुडघा टम्म सुजू शकतो. गुडघा असा सुजला, तर २८ दिवसांचा कोर्स लागतो. त्या दिवशी तुम्ही कुठे असाल?

आपल्या मंडळींतल्या आणखी एका ताईंनाही तुम्ही हाच दिवसाआडचा सल्ला दिल्याचं परवा कळलं. त्यांचा कोर्स अजून चालू आहे. हे पत्र वाचून झालं की त्यांना फोन लावा. तुमचं चुकलं असं सांगा, गोळ्या रोज घ्यायला सांगा आणि चुकलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते आजच्या आज त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा.