आस्थापना शाखा, ओहायो

कन्या एम.एस. करायला ओहायोला गेली आणि निवृत्तीनंतर बंद पडलेला माझा मेंदू पुन्हा कामावर रुजू झाला. उभी हयात मी जिल्ह्याच्या कचेरीत आस्थापना शाखेत काढली. लोकांच्या सेवापुस्तिका भरायच्या, रजेचे हिशेब ठेवायचे आणि कुणाच्या सेवेत खंड पडणार असेल तर ते त्याच्याआधी आपल्याला कळलं पाहिजे, हे माझं काम. या विद्येचा जगात इतरत्र काही उपयोग नाही, असं घरातल्यांचं ठाम मत होतं. मग विद्यापीठाकडून आय-२० आला.

पाहताक्षणी ओळखलं, हा आपल्याच जातकुळीच्या माणसाने आखलेला कागद आहे. एन या अक्षराने सुरू होणारा लांबलचक नंबर, अभ्यासक्रम सुरू कधी, संपणार कधी, खर्च किती, तो भागवणार कोण, आणि सही करणारा अधिकारी. या अधिकाऱ्याला तिकडे डीएसओ म्हणतात. पगार विद्यापीठाचा, पण नोंदी करायच्या त्या सरकारच्या सेव्हिस नावाच्या संगणकात. २००३ पासून परदेशी विद्यार्थ्यांची कुंडली तिथे ठेवतात. एकाचा पगार खाऊन दुसऱ्याचं दप्तर सांभाळणारी माणसं मी पाहिली आहेत; त्यांच्याशी गोडीत राहिलेलं बरं. विमानतळावर कन्येला मी एकच उपदेश केला, "प्राध्यापकांचं नाव विसरलीस तरी चालेल, डीएसओचं विसरू नकोस."

वरच्या मजल्यावर निवृत्त बँक मॅनेजर राहतात. ते म्हणाले, "पाच वर्षांचा व्हिसा मिळाला म्हणे! म्हणजे पाच वर्षं बघायला नको." हा गैरसमज आपल्याकडे घरोघर आहे. पासपोर्टावरचा व्हिसा फक्त दार वाजवण्यापुरता. आत घेतलं की आय-९४ वर नोंद होते, आणि कन्या गेली तेव्हा एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याच्या नोंदीत मुक्कामाची शेवटची तारीखच घालत नसत. नुसतं डी/एस लिहीत. म्हणजे विद्यार्थ्यासारखे वागताय तोवर राहा. आत असताना व्हिसाची मुदत सरली तरी बिघडत नाही, आणि पासपोर्टावर पाच वर्षांचा व्हिसा झळकत असताना एका सेमिस्टरमध्ये स्टेटस जाऊ शकतं. (बिनतारखेचा कागद पाहिला की कुठल्याही आस्थापनेचे हात शिवशिवतात. २०२५ मध्ये तिथल्या सरकारनेही डी/एस काढून पक्की तारीख घालायचा प्रस्ताव मांडलाच.) मॅनेजरसाहेबांचा भाचा तिकडेच असतो. त्यांनी जिन्यातूनच त्याला फोन लावला.

स्टेटस टिकवायचं म्हणजे पूर्णवेळ शिकायचं. कन्येच्या विद्यापीठात त्याचा अर्थ सेमिस्टरला नऊ क्रेडिट, म्हणजे तीन विषय. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन, "बाबा, स्टॅटिस्टिक्सचे सर काय बोलतात ते कळत नाही. ड्रॉप करू?" मी गारठलो. विषय सोडला की क्रेडिट सहा, आणि डीएसओच्या पूर्वमंजुरीशिवाय सहा म्हणजे सेवेत खंड. रात्रभर बसून मी नियम वाचला. सवलत मिळते, पण कारणं मोजकी. आजारपण हे एक. पहिल्या सत्रात इंग्रजी जड जाणे, इंग्रजी वाचन न झेपणे, किंवा अमेरिकी शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणे, हीही चालतात. शिवाय पातळी चुकून विषय घेतला असेल तर. सर कंटाळवाणे असणे यात बसत नाही. इंग्रजीचं कारण सोन्यासारखं होतं, पण बालवाडीपासून डोनेशन भरभरून आम्हीच तिला इंग्रजी माध्यमात घातलेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत घातली असती तर आज अर्ज तरी करता आला असता. शेवटी तिने त्याच सरांकडून बी प्लस मिळवला.

नोकरीचं कलम मात्र मी फ्रेम करून लावावं इतकं देखणं आहे. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तास काम करता येतं. वीस म्हणजे वीस. साडेवीस झाले तर नियमभंग. जास्त काम केलं म्हणून शिस्तभंगाची कारवाई! ही तरतूद आमच्या कचेरीत असती तर एकावरही बजावता आली नसती. कन्या तिथल्या मेसमध्ये ताटं विसळते हे ऐकून हिला रडू आलं. मला वाटतं ते दुःखाचं नव्हतं. घरी हीच मुलगी जेवलेलं ताट उचलायची नाही.

आवाराबाहेर मात्र परवानगीशिवाय एक तासही नाही, आणि इथेच मोदकांचं प्रकरण उद्भवलं. तिथल्या मराठी मंडळातल्या एक काकू गणपतीला म्हणाल्या, "अगं, तुझ्या हाताला कळ्या छान पडतात. आमच्याकडच्या नैवेद्याचे करून दे ना, मी पैसे देईन." कन्येने नियम सांगितला. काकू कोकणातल्या, त्यांना नियमही कळतो आणि वाटही. म्हणाल्या, "बरं, मग मोदकांचे नको घेऊस. खाऊला म्हणून ठेव." आणि हातात पन्नास डॉलर व नारळ.

आता, मोबदला घेतला तर नोकरी हे उघड आहे. पण काकूने पुतणीला खाऊला दिलेले पैसे? त्यात पुन्हा हेही पाहिलं जातं की ज्या कामाला एरवी लोक पैसे घेतात ते फुकट केलं तरी त्याला स्वयंसेवा म्हणता येईल का. मी जुन्या सवयीने टिपणी तयार केली. 'सदर रक्कम मोदकांनंतर देण्यात आली असली तरी मोदकांबद्दल देण्यात आली असे दिसून येत नाही. काकूंचे वय, उभयतांतील स्नेह व सणाचा प्रसंग विचारात घेता ती खाऊ या सदरात वर्ग करणेस हरकत नसावी. तथापि रक्कम व मोदकांची संख्या यांचे प्रमाण संशयास्पद आहे.' पन्नास मोदक, पन्नास डॉलर. कुठलाही लेखापरीक्षक ते एका नजरेत पकडेल. ही माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "एक मोदक जास्त करायला सांगा म्हणजे झालं." लेखापरीक्षणाचं मर्म इतक्या थोडक्यात मी कधी ऐकलं नव्हतं. कन्येने मात्र पैसे परत केले आणि नारळ ठेवून घेतला. मुलगी माझ्यावर गेली आहे.

पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचं असा आणखी एक नियम. तो तिने तंतोतंत पाळला. खोली बदलल्याचं वॉशिंग्टनला आठवड्यात समजलं. आईला दिवाळीत, भाजणीचं पार्सल जुन्या पत्त्यावर जाऊन कुण्या कोरियन मुलाने चवीने संपवल्यावर. त्याने थँक्यूची चिठ्ठी पाठवली आणि हे तेलात तळायचं की दुधात घालायचं, असं विचारलं. त्याने आधीच दुधात घातलं होतं.

कराबद्दल थोडं. पैसा मिळो न मिळो, एक फॉर्म भरावाच लागतो, त्यात गंमत नाही. गंमत १९८९ च्या भारत-अमेरिका करारात आहे. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना तिथे जी प्रमाणित वजावट मिळत नाही, ती त्या कराराच्या एकविसाव्या कलमाने भारतीय विद्यार्थ्यांना मिळते. हे वाक्य वाटाघाटीत कुणी घुसवलं असेल? दिल्लीतला कुणी बाबू, संध्याकाळी साडेपाचला, सगळे कंटाळलेले असताना. त्याचं नाव कुठे नाही. मी त्याच्यासाठी एकदा पूर्ण चहा प्यायलो, बिनसाखरेचा नव्हे.

डिग्री झाली आणि ओपीटी सुरू झाली. म्हणजे शिकलेल्या विषयातच बारा महिने नोकरी, आणि तांत्रिक विषय असेल तर पुढे आणखी चोवीस. इथे नियमाने कूस बदलली. काल परवापर्यंत आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम केलं तर गुन्हा, आता वीसपेक्षा कमी केलं तर ते दिवस बेकारीत धरणार. आणि पहिल्या बारा महिन्यांत बेकारीचे दिवस एकूण नव्वद. रविवारसुद्धा धरून! ही रोज कालनिर्णयवर काट मारायची आणि शेजारच्या चौकटीतली एकादशी त्यात खोडली जायची. त्या महिन्यांत आमच्या घरात उपास चुकले. कन्येने मात्र रजेच्या खात्यात पुष्कळ दिवस शिल्लक असताना नोकरी मिळवली, आणि मी तिच्या फाइलवर 'सेवा अखंडित' असा शेरा मारून सही केली.

आता पुढची पायरी एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. एवढी वर्षं क्रेडिट, तास, पत्ते, सह्या, सगळं दप्तर चोख ठेवलेलं. मी समजत होतो, सेवाज्येष्ठतेने यादी लागेल. कन्या म्हणाली, "नाही बाबा, लॉटरी असते." वर्षाला पंच्याऐंशी हजार जागा, त्यातल्या वीस हजार तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी, आणि अर्ज जास्त आले की सोडत. मी चष्मा काढून ठेवला. चिठ्ठ्याच काढायच्या होत्या तर माझ्याकडून एवढं वाचून का घेतलं?

हिला मात्र या सगळ्या व्यवहारातली पहिलीच गोष्ट नीट समजली. फोन माझ्या हातातून घेऊन तिने विचारलं, "अगं, मग दोन-तीन कंपन्यांकडून नावं घाल ना. एका नावाच्या तीन चिठ्ठ्या."

"नाही चालत, आई. २०२४ पासून कितीही कंपन्यांनी नाव घातलं तरी संधी वाढत नाही."

"बघ," ही माझ्याकडे वळून म्हणाली, "आपल्याआधी कुणाला तरी सुचलं होतं."