प्रथिनाचं पक्षांतर

डोक्यावरून विमान गेलं तर ओझरकर मानही वर करत नाही. मिग विमानांच्या कारखान्यापासूनची सवय. पण २०२२ मध्ये जनावरांमध्ये लम्पीची साथ येऊन गेल्यापासून गोठ्यात गाय नुसती अडखळली तरी मोबाइलवर ‘मॅड काऊ’चा व्हिडिओ फिरतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो: लस कुठं मिळेल?

मिळणार नाही. ‘मॅड काऊ’ हा रोग ना जिवाणूचा, ना विषाणूचा; तो प्रायॉनचा. प्रायॉन म्हणजे घडी बिघडलेलं प्रथिन. त्याची कार्यपद्धती महाराष्ट्राला समजावून सांगावी लागू नये. एक प्रथिन फुटतं, शेजारच्याला गाठतं, तेही त्याच घडीत वाकतं, मग तिसरं. मेंदूत हळूहळू बहुमत होतं. फुटलेले सगळे घरचेच, म्हणून शरीराला कुणी परकं वाटत नाही. प्रतिकारशक्ती साधी नोटीससुद्धा काढत नाही. लक्षणं दिसतात चार-पाच वर्षांनी, म्हणजे एक अख्खी मुदत संपल्यावर. पक्का निकाल तर गाय मेल्यावर, मेंदू तपासून. आणि उकळून हे मरत नाही, कारण मुळात जिवंत नव्हतंच.

ब्रिटनमध्ये हा रोग १९८६ साली ओळखला गेला. तिथल्या हुशार मंडळींनी मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गाईंच्याच खुराकात घातली होती. स्वस्तात प्रथिन! १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर लेकीला बर्गर देऊन गोमांस निर्धोक असल्याचं ‘सिद्ध’ केलं. १९९६ मध्ये सरकारलाच संसदेत कबूल करावं लागलं, की माणसालाही लागण होत असावी. रोगी गाई निघाल्या १,८०,००० च्या वर.

भारताला २०१० मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेनं ‘नगण्य जोखीम’ असा दर्जा दिला. आपली गाय शाकाहारी, म्हणून छाती फुगवायला हरकत नाही. अमेरिकेच्या दुधालाही आपण तीच अट घालतो: मांस-रक्त न चारलेल्या गाईचंच हवं. अट उत्तम. बाजाराच्या उकिरड्यावर गाय प्लास्टिकची पिशवी गिळते, तीही शाकाहारीच असते.

दुभत्या जनावराच्या खाद्यात गोवंशाची वा डुकराची मांस-हाडांची भुकटी चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. थोडक्यात, रोगाचा सगळा बंदोबस्त पोत्यात. आता पशुखाद्याच्या दुकानातला संवाद ऐका.

“यात काय काय आहे?”

“प्रोटीन भरपूर, दादा.”

“कशाचं?”

“कंपनीचं.”

“बरं. उधारीवर दोन पोती टाक गाडीत.”