रेकॉर्डिंगचा मुहूर्त

नगर जिल्ह्यातलं सर्वांत गाजलेलं ध्वनिमुद्रण शके १२१२ मध्ये नेवाशात झालं. सामग्री काय, तर टेकायला पैस खांब आणि लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा. तेवढ्यावर ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. आज मात्र भजनी मंडळाचे चार अभंग टिपायचे म्हटले, की लाखाच्या संगणकाखाली बोलणी होत नाहीत. जरा हिशेब मांडू. गायक, पेटी, पखवाज, टाळ असे चार ट्रॅक, सेकंदाला ४८,००० नमुने, २४ बिट. या मापाने दोन तासांचं कीर्तन जेमतेम चार जीबी भरतं. एवढी जागा घरच्या मोबाइलात नुसत्या ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांनी अडवलेली असते. म्हणजे एखाद्या ऑफिसातून निवृत्त झालेला, आठ जीबी रॅमचा संगणक घ्यावा, त्यात एसएसडी आणि लिनक्सवरचं फुकटचं उबंटू स्टुडिओ घालावं, की काम भागलं.

एरवी ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणारे लोक प्रोग्रामच्या बाबतीत एकदम पथ्य पाळू लागतात. त्यांच्या माहितीसाठी, ऑडॅसिटी २००० सालापासून फुकटच आहे. ध्वनिमुद्रणाचा दुसरा प्रोग्राम, आर्डर, लिहिणारे पॉल डेव्हिस हे ॲमेझॉनच्या अगदी पहिल्या प्रोग्रामरांपैकी. तेव्हा हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे. जाणकारांचा आक्षेप वेगळा असतो : आवाज उशिरा ऐकू येतो. येतो खरा. २५६ नमुन्यांचा बफर ठेवला तर साधारण पाच मिलिसेकंद, ये-जा धरून पंधरा म्हणा. तेवढ्या वेळात हवेतून आवाज सतरा फूट जातो. कीर्तनात बुवांपासून मागच्या रांगेतला टाळकरी तितका लांब असतोच, आणि त्यापायी अभंग बेताल झाल्याचं कुणी म्हणत नाही. शिवाय वेळ काटेकोर पाळण्याची सोय २०२४ मध्ये लिनक्सच्या मूळ गाभ्यातच आली.

तेव्हा पैसे वाचतात. ते मायक्रोफोनवर, भिंतीला टांगायच्या जाड गोधड्यांवर आणि आधी अर्थिंगवर घालावेत, नाहीतर प्रत्येक अभंगाला ५० हर्ट्झची वीज कोरस देते. कारण या जिल्ह्यात महाग आहे ती शांतता. मेहेरबाबांनी १९२५ पासून अखेरपर्यंत पाळलेलं मौन सुरू झालं ते इथेच, पण ते मेहेराबादबाहेर फारसं पसरलं नाही. ‘गोंगाट नंतर प्रोग्रामने काढू’ हा युक्तिवाद पंख्यापुरता खरा : एकसुरी घरघर ऑडॅसिटी ओळखून वजा करते. कुकरची शिट्टी आणि वरातीचा डीजे मात्र तिच्या आवाक्याबाहेर. म्हणून यंत्राआधी पंचांग बघावं. चैत्रात जत्रा, वैशाखात लग्नं, श्रावणात सप्ताह, भाद्रपदात गणपती. उरतो पौष : लग्नं नाहीत आणि थंडीमुळे पंखाही बंद. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्याने जातील, पण ट्रॅक्टरला कारखाना गाठायचा असतो, तो दारात नाचत थांबत नाही. तेवढ्यापुरता स्पेसबार दाबावा.