शेपटाकडून इंग्रजी

"बंप म्हणजे टेंगूळ, हंप म्हणजे कुबड, लंप म्हणजे गोळा, स्टंप म्हणजे खुंट. आता सांग बघू, प्लंप म्हणजे काय असेल?"

दप्तर पाठीला लावून घाईने जिना उतरणाऱ्या मुलाला मधेच अडवून असले प्रश्न विचारणारा एक तरी गृहस्थ तुमच्या सोसायटीत असेलच. मुलगा 'गुबगुबीत' म्हणाला तर एक लिमलेटची गोळी आणि गप्प राहिला तर दोन, कारण ज्याला येत नाही त्याला उत्तेजन जास्त लागतं. त्यामुळे आमच्या इमारतीतली मुलं उत्तर येत असूनही गप्प राहायला शिकली आहेत.

या जातीच्या माणसाला मी यमकाचार्य म्हणतो. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतला नमुना बँकेतून निवृत्त झालेला आहे, आम्ही त्यांना काका म्हणतो. दिवसाअखेर जमा आणि नावे जुळलीच पाहिजेत, पाच पैशांचा फरक पडला तरी घरी जायचं नाही, अशी त्यांची पस्तीस-छत्तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर जुळवायला आकडे उरले नाहीत, म्हणून त्यांनी शब्द घेतले. मराठीत यमक जुळवण्यात त्यांना रस नाही. "आपल्याकडे काय, 'करतो' म्हटलं की 'मरतो', 'भरतो', 'हरतो' रांगेत उभेच. मोरोपंतांनी तो धंदा पार बारामतीपर्यंत नेऊन संपवला. इंग्रजीत जुळवून दाखवा!" हे बोलणं वरवर चेष्टेचं असलं तरी खरं आहे. इंग्रजीने शब्दांचे जुने प्रत्यय झिजवून टाकले, त्यामुळे तिथे शेवट जुळवायला मेहनत पडते. मिल्टनसारख्या माणसाने १६६७ साली 'पॅराडाइज लॉस्ट' यमकाशिवाय लिहून काढलं, आणि पुढच्याच वर्षी यमकाची निंदा करणारी टीपही त्याला जोडली. काका मिल्टनचं नाव काढत नाहीत. काढलंच तर कर्ज बुडवलेल्या खातेदाराचं काढावं तसं काढतात.

त्यांची सगळी विद्या एका पुस्तकातून आलेली आहे. मुंबईत नोकरीला असताना फोर्टातल्या फुटपाथवर त्यांना जॉन वॉकरच्या यमककोशाची पुठ्ठा निघालेली प्रत मिळाली. वॉकर आधी नट होता, मग उच्चार शिकवणारा झाला. १७७५ साली त्याने काढलेल्या या कोशात शब्द पहिल्या अक्षराने नाही, शेवटच्या अक्षराकडून लावलेले आहेत. बाकीचे लोक इंग्रजी तोंडाकडून शिकतात, काका शेपटाकडून शिकले. बैल घेतानासुद्धा लोक आधी दात बघतात, पण काकांना ते कोणी सांगायचं?

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे त्यांनी सिद्धान्त काढला, की ज्यांची शेपटं जुळतात त्यांचं कूळ एकच. यमक जुळलं की अर्थही जुळलाच पाहिजे, फक्त शोधता आला पाहिजे. "लाइट, ब्राइट, साइट, व्हाइट. एका घरातले आहेत की नाही?" मी म्हटलं, "आणि नाइट?" काका क्षणभर थांबले. "प्रत्येक घराण्यात एक बिघडलेला निघतोच." हेल्थ आणि वेल्थ या सख्ख्या बहिणी, हे त्यांनी मला मान डोलवायला लावून पटवलं. मग मी स्टेल्थ पुढे केला. "चोरटेपणा," काका शांतपणे म्हणाले. "वेल्थ चोरून ठेवली तरच हेल्थ टिकते." बँकेतल्या माणसाचा अनुभव, म्हणून वाद वाढवला नाही.

मात्र मनातून त्यांना एकदा खोटं पाडायचंच, असं ठरवून मी थोडं वाचन केलं आणि तोंडावर पडलो. जे. आर. फर्थ नावाचे एक भाषाशास्त्रज्ञ होते. १९२० च्या दशकात ते लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. इंग्रजीतले काही ध्वनिगुच्छ स्वतःबरोबर अर्थाची छटा घेऊन फिरतात, हे त्यांनी दाखवलं आणि १९३० साली त्याला 'फोनेस्थीम' असं नावही दिलं. क्रॅश, स्मॅश, बॅश, मॅश यांत काहीतरी जोरात आपटतं किंवा चेचलं जातं. बंप, लंप, हंप, रंप यांत काहीतरी जड आणि गोल वर येतं. म्हणजे काकांचा सिद्धान्त निम्मा खरा होता. हे मी त्यांना जाऊन सांगितलं, ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक. "लाहोरला शिकवत होता ना? मग आपल्याकडूनच घेतलं असणार," असं म्हणून त्यांनी फर्थसाहेबांना डोंबिवली शाखेत जमा करून टाकलं.

खरी पंचाईत उच्चारांची आहे. वॉकरने शब्द स्पेलिंगने लावलेले, त्यामुळे शेपूट सारखं असलेले रफ, कॉफ, बाऊ आणि डो एकाच ओळीत बसलेले. काकांनी हे चौघे सख्खे भाऊ धरले. रफ म्हणजे खडबडीत, टफ म्हणजे चिवट, आणि खोकला म्हणजे 'कफ'. मी दुरुस्ती केली, की तो उच्चार 'कॉफ' आहे. काका म्हणाले, "खोकला झाला की छातीत काय असतं? कफच ना? मग!" शंका नको म्हणून ते मला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात घेऊन गेले. अर्ध्या तासात आलेल्या तिन्ही गिऱ्हाइकांनी 'कफ सिरप' मागितलं आणि दुकानदाराने दिलं. लोकशाहीत माझा तीन विरुद्ध शून्य असा पराभव झाला.

यात काकांचा दोष नाही, दोष इंग्रजांच्या घाईचा आहे. १४७६ साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, तेव्हा इंग्रजी स्वर जागा बदलत होते. पुढची दोनशे वर्षं ते बदलतच राहिले, पण छापखान्यांमुळे स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली. उच्चार गाडीत बसून पुढच्या स्टेशनला गेले आणि अक्षरं फलाटावर राहिली. शेक्सपिअरच्या काळात 'लव्ह' आणि 'प्रूव्ह' एकमेकांना जुळत असत, आज ते फक्त कागदावर जुळतात. आपल्याकडे 'क' लिहिलं की 'क' म्हणायचं, त्यामुळे यमक डोळ्याला पटलं की कानालाही पटतं. हा मराठी सरळपणा काकांनी इंग्रजीला लावला, एवढंच.

काही शब्दांना मात्र त्यांनीही हात टेकले. ऑरेंज, सिल्व्हर, पर्पल आणि मंथ यांना इंग्रजीत चांगलंसं यमक नाही. काका यांना 'थकीत खाती' म्हणतात आणि वसुली चालू ठेवतात. सिल्व्हरसाठी त्यांनी 'चिल्व्हर' शोधला, म्हणजे मेंढीचं मादी कोकरू. पर्पलसाठी 'हर्पल' सापडला, हा स्कॉटलंडचा, अर्थ लंगडत चालणे. ऑरेंजसाठी तर ते वेल्समधल्या ॲबर्गॅव्हेनीजवळच्या 'ब्लॉरेंज' नावाच्या डोंगरापर्यंत जाऊन आले, अर्थात नकाशात. उरला मंथ. इंजिनिअरिंगला असलेल्या शेजारच्या मुलाने गणितातला 'एन प्लस वन्थ' सुचवला, तर काकांनी तो नाकारला. "हा शब्द नाही, हा हिशेब आहे," असं आयुष्यभर हिशेब केलेला माणूस म्हणाला. महिन्याशी काही जुळत नाही, हे पगारदाराला कळायला कोश कशाला हवा, असं माझं मत आहे. ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

निरोप समारंभात इंग्रजी कविता वाचणं हा यमकाचार्यांचा हक्क असतो. एका अधिकाऱ्याच्या निरोपाला काकांनी रिटायर, ॲडमायर, इन्स्पायर असं छान चढत नेलं आणि शेवटी 'फायर'वर आणून सोडलं. साहेबांच्या अंगात अजून आग आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. सभागृहाला कळलं ते इतकंच, की साहेबांना काढून टाकलं. साहेबांच्या सासरची मंडळी जेवायला थांबली नाहीत.

त्यांचा मुलगा लंडनला असतो. त्याने एकदा फोनवर तिथल्या ईस्ट एंडच्या कॉकनी लोकांची गंमत सांगितली आणि काकांच्या घरात भूत शिरलं. तिथे 'स्टेअर्स' म्हणायचं नाही, 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणायचं. बोलताना जुळणारा भागही गाळून टाकायचा, म्हणजे जिन्याला उरतात नुसती सफरचंदं. १८५९ च्या एका कोशातही या बोलीची नोंद आहे. बायकोला म्हणतात 'ट्रबल अँड स्ट्राइफ', कारण वाइफ. हे काका मोठ्याने वाचत असताना काकू भाजी निवडत होत्या. काकू म्हणजे अगदी गद्य. त्यांनी विचारलं, "आणि नवऱ्याला काय म्हणतात?" काकांनी शोधून सांगितलं, "पॉट अँड पॅन. कारण ओल्ड मॅन." काकू म्हणाल्या, "म्हणजे घासायची शेवटी माझ्याकडेच आली."

पण काका थांबणारे नव्हते. हीच रीत त्यांनी मराठीला लावली. चहाला जुळतं 'नऊ-दहा', त्यातलं जुळणारं 'दहा' गाळायचं, की चहा झाला 'नऊ'. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन ते टपरीवर गेले आणि ऐटीत म्हणाले, "दोन नऊ दे रे!" टपरीवाला मन लावून धंदा करणारा. त्याने मनातल्या मनात गुणाकार केला आणि फळीवर अठरा कटिंग मांडले. त्या दिवशी अख्खा रिक्षा स्टँड काकांच्या पैशाने चहा प्यायला. शब्द समाजात रुजवायला खर्च येतोच, असं म्हणत काकांनी पैसे मोजले, तेही दोनदा.

तेव्हा वाचकहो, आपल्यापैकी कोणाला 'मंथ'ला जुळणारा, अर्थासहित, खरा इंग्रजी शब्द माहीत असेल तर डोंबिवलीला जरूर या. काका दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि दुपारी दोन ते चार झोपतात. ती वेळ सोडून कधीही बेल वाजवा, शब्द ऐकल्याशिवाय ते तुम्हाला सोडायचे नाहीत. चहा काकू देतात, पण त्यांच्याकडे तो चहा म्हणूनच मागा.