बाहेरून जिना

चंद्रपूर असो की गडचिरोली, घर बांधताना जिना बाहेरून काढला की समजायचं, मालकाच्या मनात किरायेदार येऊन बसला आहे. गडचिरोली 1982 साली वेगळा जिल्हा झाला. तिकडे बदलीवर आलेले मास्तर, वनरक्षक, बँकेचे साहेब. इकडे चंद्रपुरात खाणीतले आणि दुर्गापूरच्या वीजकेंद्रातले. खोली सगळ्यांनाच लागते.

खाली मालक, वर किरायेदार. आयकराचा कायदा अशा घराचे दोन तुकडे करतो. खालच्या मजल्याचं वार्षिक मूल्य शून्य! आजोबांचा सागवानी दरवाजा, देवघर, अंगणातली विहीर, सगळ्याची किंमत शून्य. खरं तर राग यायला हवा. पण शून्यावर कर नसतो, म्हणून आपण गप्प.

वरचा किराया समजा महिना 6,000, वर्षाचे 72,000. वरच्या वाट्याचा भरलेला घरटॅक्स 2,000 धरला तर उरले 70,000. त्यातले 30 टक्के, म्हणजे 21,000, दुरुस्ती-देखभालीपोटी सरळ वजा. पावती कोणी मागत नाही. वर्षभर खिळा ठोकला नाही तरी 21,000, आणि वानरांनी टाकीचा पाइप उपटला, वाळवीनं चौकट खाल्ली तरी 21,000च. वानरांना ही मर्यादा कोणी कळवलेली दिसत नाही. 1961च्या कायद्याच्या जागी 2025चा आला, हे 30 टक्के तसेच राहिले.

कर्जाचं व्याज मात्र चौरस फुटांनी वाटायचं. आपल्या वाट्याचं जुन्या करपद्धतीत 2 लाखांपर्यंत वजा होतं, नव्या पद्धतीत नाही. किरायाच्या वाट्याचं दोन्हीकडे धरतात.

माझं घोडं अडतं ते गच्चीवर. मे महिन्यात पारा 45च्या पुढे गेला की रात्री दोन्ही मजले तिथंच अंथरुणं टाकतात. दिवसा आमचे सांडगे आणि त्यांच्या मिरच्या शेजारी शेजारी वाळतात. कूलर त्यांचा, पाणी चढवणारी मोटर आमच्या मीटरवर.

‘‘काका, गच्ची कोणाच्या वाट्यात धरू?’’ सीएनं विचारलं.

सौभाग्यवती चहा घेऊन आली. ‘‘ते राहू द्या. वरची पोरगी शाळेतून आली की खालीच जेवते, खालीच झोपते. मग किरायानं दिलेला मजला कोणता?’’

सीएनं चहा संपवला, घरटॅक्स 31 मार्चच्या आत भरा, नाहीतर यंदा वजा होणार नाही, असं दोनदा बजावलं आणि गाडीला किक मारली.