अमीरपेठेचा क्लास संपल्यावर: रिक्वेस्टला रस्ता चुकवायच्या सहा पायऱ्या

नांदेड-परभणी-लातूरकडून हैदराबादला आलेल्या होतकरू मुलामुलींसाठी ही मार्गदर्शिका आहे. आपण अमीरपेठेत मैत्रीवनमच्या आसपास डेव्हऑप्सचा क्लास केला आहे, झेरॉक्स नोट्सचा गठ्ठा जपून ठेवला आहे आणि माधापूर किंवा गच्चीबावलीत नोकरीला लागून जेमतेम महिना झाला आहे, असं आम्ही धरून चालतो. टीमलीड म्हणाला आहे, "छोटा काम है मियाँ, इनग्रेस में दो पाथ डाल दो." त्या छोट्या कामाचं मोठं कसं करायचं, ते पुढे दिलं आहे.

उदाहरणापुरतं समजा, काचीगुड्यातल्या एका मराठी मंडळाचं संकेतस्थळ आपल्याकडे आलं आहे. पत्ता एकच, मागे सर्व्हिस तीन. '/पुस्तके' आलं की ग्रंथालयाच्या सर्व्हिसकडे, '/सभा' आलं की कार्यक्रमांच्या सर्व्हिसकडे आणि उरलेलं सगळं '/' म्हणजे मुख्य सर्व्हिसकडे. मुख्य सर्व्हिसवरच '/सभागृह' नावाचं एक पान आहे, हॉल भाड्याने घेणाऱ्यांसाठी. हे पान लक्षात ठेवा. (खऱ्या फाइलीत पाथ रोमन लिपीत लिहावेत, इथे वाचायला सोपं म्हणून नागरीत आहेत.)

पायरी पहिली: फाइल लावा, कंट्रोलर विसरा.
इनग्रेस हा नुसता नियमांचा कागद. तो वाचून रिक्वेस्ट पुढे धाडणारा कंट्रोलर वेगळा बसवावा लागतो. कुबरनेटीस तो पदरचा देत नाही. सोसायटीच्या फाटकावर सूचनांची पाटी टांगली आणि वॉचमन ठेवलाच नाही, तशातली गत. या पायरीचं सौंदर्य असं की कुणीही तक्रार करत नाही. 'इनग्रेस क्रिएटेड' असा निरोप येतो आणि आपण चहाला जातो. यादीत ॲड्रेसचा रकाना रिकामा दिसेल. तिकडे काणाडोळा करावा. कंट्रोलर आधीच बसवलेला असेल तर निराश होऊ नये. इनग्रेस-क्लासचं नाव चुकवलं की हेच फळ मिळतं.

पायरी दुसरी: जुन्या नोट्सवर श्रद्धा ठेवा.
नोट्समध्ये पहिल्या ओळीत 'एक्स्टेन्शन्स/व्ही१बीटा१' लिहिलेलं असेल, तर तसंच उतरवा. ही आवृत्ती कुबरनेटीस १.२२ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्ये काढून टाकली गेली. एरर आला की फक्त पहिली ओळ बदला. सर्व्हिसचं नाव लिहायची पद्धतही बदलली आहे आणि 'पाथटाइप' सक्तीचा झाला आहे, हे पुढच्या दोन एररमधून आपोआप कळतं.

पायरी तिसरी: पाथटाइप डोळे मिटून निवडा.
'एक्झॅक्ट' निवडलात तर '/पुस्तके' चालेल आणि '/पुस्तके/' चालणार नाही. शेवटच्या एका तिरक्या रेघेसाठी अर्धा दिवस सहज खर्ची पडतो. 'प्रीफिक्स' हा त्यामानाने सज्जन. तो अक्षरं मोजत नाही, दोन तिरक्या रेघांमधला अख्खा तुकडा ताडून बघतो. म्हणून '/सभा' हा नियम '/सभा/जानेवारी' पकडतो, पण '/सभागृह'ला हात लावत नाही. ते मुकाट्याने '/' कडे जातं. दोन नियम लागू पडले तर लांब पाथ जिंकतो, फाइलीत तो वर असो की खाली. त्यामुळे ओळी वरखाली करून काही फरक पडत नाही. तरी करून बघावं, वेळ छान जातो. तिसरा प्रकार 'इम्प्लिमेंटेशन-स्पेसिफिक', म्हणजे कंट्रोलरची मर्जी.

पायरी चौथी: रीराइट करा.
ग्रंथालयाचं ॲप '/' वरच उत्तर देतं, '/पुस्तके' त्याच्या गावीही नाही. म्हणून एनजिनएक्स कंट्रोलरवर 'रीराइट-टार्गेट: /' असं लिहा. आता '/पुस्तके/१२' मागा किंवा '/पुस्तके/शोध', प्रत्येक वाचक मुखपृष्ठावरच येऊन पडतो. जाणकार पाथ '/पुस्तके(/|$)(.*)' असा लिहितात आणि टार्गेट '/$2'. मग बारावं पुस्तक उघडतं, पण पान उघडंबोडकं: ना रंग, ना रचना. कारण पानातली स्टाइलची फाइल '/स्टाइल' या मुळाच्या पत्त्यावर मागितली जाते आणि ती रिक्वेस्ट मुख्य सर्व्हिसकडे जाते.

पायरी पाचवी: दुसऱ्याचं पान बिघडवा.
ही सर्वांत फलदायी पायरी, आणि चौथी नीट पार पाडली असेल तर ही फुकटात होते. एनजिनएक्स कंट्रोलरमध्ये एका होस्टवर कुठेही रीराइट-टार्गेट किंवा रेजेक्स वापरलं, की त्या होस्टचे सगळेच पाथ रेजेक्स म्हणून वाचले जातात. दुसऱ्या इनग्रेसमधले, दुसऱ्या टीमने लिहिलेलेसुद्धा. रोमन अक्षरांतला लहान-मोठा भेदही संपतो. आता '/सभा'चा अर्थ '/सभा'ने सुरू होणारं काहीही. '/सभागृह' कार्यक्रमांच्या सर्व्हिसकडे जाऊन थडकतं आणि तिथून ४०४ येतो. आपण हात लावला पुस्तकांना, आणि बोंब झाली हॉलच्या बुकिंगची. मुख्य सर्व्हिसचे लॉग कितीही चाळा, त्यांत काही नाही, कारण रिक्वेस्ट तिथे पोचलीच नाही.

पायरी सहावी: ४०४ आणि ५०३ यांत फरक करू नका.
४०४ म्हणजे एकतर नियमच सापडला नाही, नाहीतर रिक्वेस्ट भलत्या सर्व्हिसकडे गेली. एनजिनएक्सकडून आलेला ५०३ बहुतेक वेळा सांगतो, की नियम बरोबर आहे, पण सर्व्हिसमागे तयार पॉडच नाही. लेबल चुकलेलं असतं किंवा पॉड उठलेलाच नसतो. दोन्हींवर एकच उपाय करावा: इनग्रेस पुसून पुन्हा लावावा.

ज्यांना या सहाही पायऱ्या टाळायच्या आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. जमेल तिथे रीराइट करूच नका. ॲपलाच '/पुस्तके' या पाथवर राहायला शिकवा, नाहीतर त्याला वेगळा होस्ट द्या. रेजेक्स टाळता येत नसेल तर '/सभा(/|$)' असं शेवट बांधून लिहा. कुबरनेटीसच्या प्रकल्पाने आपला इनग्रेस-एनजिनएक्स कंट्रोलर निवृत्त करत असल्याचं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. डागडुजीची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. म्हणून नवं काम गेटवे एपीआयवर शिका, ते ऑक्टोबर २०२३ पासून १.० झालेलं आहे. पण साधन कोणतंही असो, नियम लिहिण्याआधी दहा पत्ते कागदावर मांडा, प्रत्येकापुढे तो कुठे जायला हवा ते लिहा आणि फाइल लावल्यावर एकेक पत्ता कर्लने मारून बघा. त्या दहांत आपण हात न लावलेली पानंही असू द्या. आणि हे सगळं शुक्रवारी संध्याकाळी करू नका.