चिखलदऱ्याचा हिवाळी हंगाम

चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातले, सुमारे 1,100 मीटर उंचीवरचे थंड हवेचे ठिकाण. इथला हिवाळी हंगाम थंडी पाहून नव्हे, कॅलेंडर पाहून सुरू होतो. डिसेंबर लागला की अकोला-अमरावतीच्या गाड्या घाट चढतात. डिकीत कानटोप्या, मफलर आणि मागच्या साली घडीही न मोडलेले स्वेटर. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला तर रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडते, पठारावरच्या गवतावर दव क्वचित गोठते आणि त्याचे फोटो ‘बर्फ पडला’ म्हणून जिल्हाभर फिरतात. बंगालच्या उपसागराकडून ढग आले की ऊब खालीच अडकते, रात्रीचा पारा चढतो आणि पर्यटक पंख्याचे बटण शोधू लागतो. खोल्यांचे दर मात्र पाऱ्याबरोबर उतरत-चढत नाहीत.

यात चिखलदऱ्याने खजील व्हायचे कारण नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये बर्फाअभावी गुलमर्गच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. स्कीवाले बर्फाची वाट पाहत थांबले. वऱ्हाडी पर्यटक थांबत नाही. तो घाम पुसत शेकोटी पेटवतो, स्वेटर घालून भीमकुंडापाशी फोटो काढतो, रबडी खातो आणि घाटाखालच्या परतवाड्याला पोचायच्या आत स्वेटर काढतो.